पुंडलिकाचं गाऱ्हाणं

क्षमाशील माणसांशी माझं कधी जमलं नाही. ती भेटली की आपण आंघोळ न करता देवळात शिरल्यासारखं वाटतं. पाठीवर हात ठेवून ती सगळ्यांचं सगळं विसरतात, आणि ज्याचं काही गेलेलं असतं त्यालाही वर "सोडून दे रे" म्हणून सांगतात. आमच्या नात्यात अशी बरीच आहेत. लग्नकार्यात मी त्यांच्यापासून चार पानं लांब बसतो. पुंडलिकशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं ते याच कारणाने. तो काहीही सोडून देत नसे.

म्हापशातल्या एका सरकारी कार्यालयात आमची मेजं शेजारी शेजारी होती. मी डिचोलीहून बसने येई आणि तो पेडण्याच्या बाजूने, धारगळच्या पलीकडच्या आपल्या गावातून, सायकलने. उंच, काटकुळा, रंगाने उन्हात भाजलेला, मिशी मात्र नीट कातरलेली. आला की आधी सायकल पुसायचा, मग स्वतःचं तोंड. पँट साखळीत अडकू नये म्हणून पायाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असे, तो काढायचं त्याच्या कधी लक्षात राहत नसे. साहेबापुढे उभा राहून अगदी गंभीरपणे बोलायचा आणि खाली तो चिमटा. पोदेराकडून म्हणजे पाववाल्याकडून आणलेला उंडो, तो गोल कडक पाव, चहात बुडवून खायचा, आणि त्या वेळी कोणी कामाचं बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचा.

त्याचं एक पालुपद होतं. मेजावरचा ग्लास पडून फुटला आणि बडेबाबूंनी "कोणी पाडला?" म्हणून डोळे वटारले, की पुंडलिक म्हणायचा, "कोणें ना. आपणच देंवलो." देंवलो म्हणजे उतरला. फाईल हरवली, "आपणच देंवली." कोणाची नको तिथे बदली झाली, "आपणच देंवलो." आम्ही सगळे हसायचो. हळूहळू सगळं कार्यालय ते म्हणू लागलं. साहेबांनीसुद्धा एकदा पंखा बंद पडल्यावर म्हटलं. पुंडलिक स्वतः मात्र ते म्हणताना कधी हसला नाही. मला वाटायचं, विनोद करणाऱ्याने हसू नये हे त्याला ठाऊक आहे.

विनोद नव्हता तो. गणेशचवथीला त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं.

घर रस्त्याला लागूनच. पुढे पडवी, बाजूला विहीर. बाप लहानपणीच गेलेला, घरात हा आणि आई. आईचं नाव सत्यभामा, सगळा गाव तिला भामाय म्हणे. त्याच्याइतकीच उंच, ताठ बाई. बोलायची थोडं आणि विळीवर चिरल्यासारखं. मला म्हणाली, "बस. खूप ऐकलां तुजें. जाडो जा मात्सो," म्हणजे जरा अंगाने भर, आणि आत नेवऱ्या तळायला गेली. आम्ही पडवीत बसलो होतो. समोरून एक बस गेली, आणि आतला झाऱ्याचा आवाज बस जाईपर्यंत थांबला. मी पुंडलिककडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, हळू आवाजात, जसं काही कालच घडलं होतं.

भामाय लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायची. सुक्या मिरच्या आणि सोलं घेऊन. बाजारात तिची ठरलेली जागा होती, ठरलेली गिऱ्हाइकं होती, भांडायला ठरलेल्या शेजारणी होत्या. आठवड्याचे सहा दिवस ती त्या सातव्या दिवसासाठी जगायची म्हटलं तरी चालेल. त्या बाजूला तेव्हा गाडी एकच, नानूशेटीची. गोवा घटकराज्य होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट, वैशाख महिना, पुरुमेंताचे दिवस. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तेव्हा मिरचीला खरा उठाव. भामायचं पोतं नेहमीसारखं टपावर होतं, आणि एक पिशवी पायाशी. त्या दिवशी नानूशेट स्वतः गाडीत होता, सोबत नवा जावई. जावई मुंबईचा. पिशवीतल्या मिरच्यांचा त्याला ठसका लागला. खोकून खोकून लाल झाला. गाडी कोलवाळच्या पुलाशी आली तशी नानूशेटीने दोरी ओढली आणि क्लीनरला म्हणाला, "देंवय तिका."

तिने सांगून पाहिलं, पिशवी टपावर टाका. पण जावयासमोर एकदा तोंडातून गेलेला शब्द नानूशेट मागे घेईल कसा? तिला उतरवली. पोतं टपावरून ढकललं ते रस्त्यावर फुटलं. गाडी गावच्या माणसांनी भरलेली होती. सोयरे होते, शेजारी होते, तिने ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका होत्या. सगळे खिडक्यांतून पळयत, म्हणजे बघत, राहिले. कोणीतरी हसलंही. मागून आलेले ट्रक मिरच्यांवरून गेले, आणि ही त्या धुरळ्यात खोकत, डोळे पुसत, पुलाच्या तोंडाशी बसून मिरच्या वेचत राहिली. मग उरलेलं ओझं डोक्यावर घेऊन उन्हातून चालत घरी आली.

पुंडलिक त्याच संध्याकाळी नानूशेटीच्या दारात गेला. नानूशेट आरामखुर्चीत बसून म्हणाला, "हांवें तिका देंवयली ना रे. ती आपणच देंवली." मी उतरवली नाही, ती आपण होऊनच उतरली. आणि गावात ज्याला ज्याला विचारलं, त्याने हेच सांगितलं. काय करतील? दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गाडीने जायचं होतं. महिन्याभरात गावाची तशी खात्रीच झाली की भामाय रागीट बाई, काहीतरी बिनसलं असेल, आपणच उतरली. त्या दिवसापासून भामायने रस्ता ओलांडला नाही.

"केस घाल," मी म्हणालो. तेव्हा मी तरुण होतो.

"केस कित्याक?" पुंडलिक म्हणाला. "माका ताचें कांय नाका. ताणें एकदां चार लोकांमुखार म्हणूंक जाय, व्हय, हांवें देंवयली. एक व्हय. बस्स."

त्याला हवा होता तो हा एक होकार. त्यासाठी तो काय काय करी! सकाळी नानूशेटीची गाडी गावातून निघायची वेळ त्याला पाठ होती. तिच्या थोडं आधी तो सायकल काढी आणि धारगळपासून कोलवाळपर्यंत रस्त्याच्या अगदी मधोमध, वरातीच्या घोड्याच्या चालीने चालवी. तेव्हाचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उतार. मागे गाडी भोंगे वाजवून वाजवून थकायची. आतली माणसं डोकं बाहेर काढून शिव्या द्यायची, त्यांची म्हापशाहून पुढची गाडी चुकायची. मी एकदा म्हटलं, अरे त्या लोकांचा काय दोष? त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. खरंच की, दोष त्यांचाच होता. पुलाशी आला की तो बाजूला होई, उतरे आणि गाडी जाईपर्यंत त्याच जागी उभा राही. आतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत. त्या पुलावर गाडीतली माणसं डावीकडे बघायचं टाळू लागली होती, हे मला मिनीनने सांगितलं. मिनीन आमच्या कार्यालयातला शिपाई, कोलवाळचाच, सायकलवेडा.

भाषेच्या वादाचे ते दिवस. कार्यालयात मराठीची मेजं वेगळी, कोंकणीची वेगळी. चहासुद्धा दोन खेपांत यायचा. कोणीतरी पुंडलिकला छेडलं, तू कुठल्या बाजूचा? तो म्हणाला, "जी भास नानूशेट उलयना ती म्हजी." नानूशेट बोलत नसे अशी भाषा पेडणे महालात नव्हती, त्यामुळे तो शेवटपर्यंत दोन्ही खेपांचा चहा पीत राहिला.

सायकलच्या सफरीची कल्पनाही त्याचीच. घटकराज्य झालं, सगळीकडे सत्कार आणि भाषणं चालली होती. एक दिवस उंडो खाता खाता तो म्हणाला, "राज्य दिल्लीसून आयलां. आपणूय दिल्लीसून येवया." मिनीन लगेच तयार झाला. मी घरी विचारतो म्हणालो. तोपर्यंत त्याने माझ्या नावाचा रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. दिवाळी झाल्यावर आम्ही तिघे सायकलींसकट रेल्वेने दिल्लीला गेलो आणि तिथून चालवत खाली यायला लागलो.

सफरीत माणूस कळतो म्हणतात, ते पुंडलिकच्या बाबतीत खरं ठरलं नाही. तो जसा म्हापशात होता तसाच ग्वाल्हेरला होता. इंदूरच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने मुद्दाम डबक्यातून चाक घालून आम्हाला चिखलाने न्हाऊ घातलं आणि हसत निघून गेला. मी आणि मिनीनने कपडे झटकले. पुंडलिकने नंबर पाहून घेतला. दोन दिवसांनी एका धाब्यावर तोच ट्रक उभा, आणि ड्रायव्हर खाटेवर पालथा घोरत पडलेला. पुंडलिकने शांतपणे विहिरीवरून बादली भरून आणली, त्याच्यावर ओतली, बादली जागेवर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "चल." त्या दिवशी आम्ही जेवढ्या वेगाने सायकल चालवली तेवढ्या वेगाने पुन्हा कधी चालवली नाही. पुढच्या गावात पोचल्यावर मिनीन हसता हसता रस्त्यावर लोळला. पुंडलिक हसला नाही, पण जेवताना दोन पोळ्या जास्त घेतल्या.

उपकारही तो असाच लक्षात ठेवी, हे सांगितलं पाहिजे. धुळ्याला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा खोबरेल तेल लावून तासभर रगडत बसला, कारण कधीतरी मी त्याच्या आईसाठी डिचोलीहून वैद्याचा काढा आणला होता. फक्त उपकार फेडताना त्याच्या चेहऱ्यावर ते समाधान दिसत नसे. कर्तव्य करतो आहोत असा चेहरा असे.

घाट चढताना तो काहीतरी पुटपुटत असे. श्वास तुटायचा, पुन्हा जोडला जायचा. मी मागे असलो की एखादा शब्द कानावर येई, "म्हाराजा". देवाचं नाव घेतो आहे असं समजून मी काही विचारलं नाही. अणमोडचा घाट उतरून गोव्यात आलो तेव्हा तर तो उतरणीवरही पुटपुटत होता, आणि उतरणीवर देवाला हाक मारायची तशी काही गरज नसते.

शेवटचा मुक्काम कारापूरला, माझ्या बहिणीकडे. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पहाटे उठलो तर पुंडलिकने दाढी केलेली, आणि एवढे दिवस सामानाच्या तळाशी घडी करून ठेवलेला पांढरा सदरा अंगात. बहिणीने पातळभाजी आणि पाव पुढे ठेवले. तो अर्धा पाव खाऊन उठला. दिल्लीपासून कुठल्याही शहरात, कुठल्याही उन्हात त्याची भूक मेली नव्हती.

"खबर आली आहे," मी त्याला सांगितलं. आदल्या दिवशी त्याच्या गावचा एकजण बहिणीकडे निरोप ठेवून गेला होता. "देवळासमोर स्वागत आहे. मांडव घातलाय. नानूशेट हार घालणार."

मला वाटलं तो चिडेल, वाट बदलेल, कदाचित गावात जाणारच नाही म्हणेल. तो म्हणाला, "माका खबर आसा. हांवेंच बेळगांवसून फोन करून सांगलें, शेटीक बोलयात म्हणून." आणि सायकलवर टांग टाकली.

डिचोलीत माझ्या वाड्यावरच्या लोकांनी थांबवलं, ओवाळलं, पेढे कोंबले. माझे वडील, जे माझ्या कुठल्याच गोष्टीवर कधी खूश नव्हते, ते रस्त्याच्या कडेला उभे राहून लोकांना "म्हजो" असं सांगत होते. मला तिथे दोन घटका थांबायचं होतं. पुंडलिक घंटी वाजवत राहिला. अस्नोडा गेलं, थिवी गेली. कोलवाळला मिनीनच्या आईने दारातच क्रूस काढला आणि त्याला छातीशी धरून रडली. मग पूल आला. पुंडलिक थांबला. मला वाटलं नेहमीच्या जागी उभा राहील. तो उतरला नाही, पाय टेकून एकदा त्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "आतां माका हांगा रावपाची गरज ना." पुढे तो इतका जोरात गेला की आम्ही त्याच्या पाठीवरचा घामाचा डाग बघत गावात शिरलो.

गाव लोटला होता. आंब्याच्या पानांची तोरणं, ताशा, कमान. कमानीवर नुसतं 'स्वागत' लिहिलेलं. पुढचा मजकूर मराठीत की कोंकणीत यावर समितीत दोन रात्री भांडण झाल्यावर दोघांनाही चालणारा तेवढा एक शब्द ठेवला होता. नानूशेटीची गाडी झेंडूने सजवून देवळासमोर उभी होती. नव्या राज्यात नवे मतदारसंघ झाले होते आणि शेटीला आमदारकीचे वेध लागले होते. शुक्रवारची बाजाराची फेरी त्याने मुद्दाम थांबवून ठेवली होती, म्हणजे बाजाराला निघालेली सगळी माणसं स्वागताला आयती मिळाली. मायक्रोफोन त्याचाच, मांडव त्याचाच. तो पांढऱ्या धोतरात, हातात तीन हार घेऊन माईकजवळ उभा. भामाय तेवढी नव्हती.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. काम सुरू करताना आणि तडीस गेल्यावर देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाशी बोलतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसं हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की ते म्हणायला कोणी विचार करत नाही. "म्हाराजा" ऐकू आलं की तोंड आपोआप उघडतं. आणि गाऱ्हाण्यात दिलेला होकार हा देवाला दिलेला होकार. पंचायतीत फिरवता येतो तसा तो फिरवता येत नाही, हे डिचोली-पेडण्याचं शेंबडं पोरही जाणतं.

गावचं गाऱ्हाणं सोनूकाका घालायचे, जुने गावकर. ते नारळ घेऊन पुढे आले. पुंडलिक त्यांच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "काका, आयज हांव घालतां. वाट हांवें मारल्या." सोनूकाकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या वैशाखातल्या गाडीत तेही होते, हे पुंडलिकने मला सांगितलेलं होतं. त्यांनी नारळ त्याच्या हातात दिला आणि एक पाऊल मागे सरले.

पुंडलिक देवाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो, पण तो असा भरदार असेल असं वाटलं नव्हतं.

"हे देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव.

"आयज हीं तुजीं भुरगीं दिल्लीसून सायकली मारीत सुखरूप आयलीं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मिनीनसुद्धा हात जोडून ओरडला.

"घाटार तूंवें सांबाळलें, देंवतेर तूंवें सांबाळलें म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गांवचें माणूस खंयूय आसूं, तुजी नदर ताचेर आसता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता लय लागली होती. तो श्वास घेत नव्हता, आणि ते पुटपुटणं कशाचं होतं हे माझ्या लक्षात आलं.

"कोलवाळच्या पुलारूय तुजी नदर आशिल्ली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय भामाय आपणच देंवूंक ना म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका नानूशेटीन देंवयली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्या सगळ्या आवाजांत सर्वांत मोठा आवाज नानूशेटीचा होता, कारण तो माईकला लागून उभा होता. हात जोडलेले, हार कोपरावर, डोळे अर्धे मिटलेले. कमानीवर बांधलेल्या कर्ण्यातून त्याचा तो होकार पार शेतापर्यंत गेला. मग त्याचे डोळे उघडले. इतक्या वर्षांनंतरही तो चेहरा आठवला की मला बरं वाटतं. चांगलं जेवल्यासारखं बरं वाटतं. मी हे लपवत नाही.

मांडव थिजला. ताशेवाल्याची काठी हवेत राहिली. पुंडलिक वळला नाही. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि प्रत्येक शब्द वेगळा.

"तिचें पोतें टपावयल्यान उडयलें म्हाराजा."

कोणी बोललं नाही.

"आनी आमी सगळीं गाडयेंत बसून पळयत रावलीं म्हाराजा."

कुठेतरी मूल रडलं, त्याला गप्प केलं. मला वाटलं, संपलं. आता याला मारतील. आणि मग मागच्या बाजूने, बायकांमधून, एक म्हातारा थरथरता आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग दुसरा. सोनूकाका माझ्या बाजूलाच होते. त्यांनी हात पुन्हा जोडले आणि खाली बघत म्हटलं, "व्हय म्हाराजा." ते तोंडातून निसटलं नव्हतं. मग एक एक करत, कोणी कुजबुजत, कोणी मान खाली घालून, गाडीतली सगळी माणसं म्हणाली.

पुंडलिकने नारळ पायरीवर आपटला. तो एका फटक्यात फुटला.

नानूशेट भानावर आला. "हें गाराणें न्हय! हाणें माका..." सोनूकाका म्हणाले, "शेटा, देवामुखार व्हय म्हटलां तूंवें. आतां ती भामाय गाडयेंत बसूंक जाय. वच, तिका हाड." म्हणजे जा, तिला घेऊन ये. कोणी हसलं नाही. नानूशेटीने सभोवार पाहिलं. ती मतं होती सगळी. त्याने हार खुर्चीवर ठेवले आणि चालत गाडीकडे गेला. आमच्या गळ्यात हार घालायचं कोणाला सुचलं नाही.

माणसं गाडीत चढली. बाजाराची वेळ टळून चालली होती. गाडी पुढे, आम्ही तिघे मागे सायकलींवर. भामायच्या दारात गाडी थांबली. कर्ण्याचा आवाज तिथवर नक्कीच आला होता, कारण ती पडवीत उभी होती आणि काय झालं म्हणून तिने कोणाला विचारलं नाही. नानूशेट खाली उतरला, अंगणात गेला आणि म्हणाला, "चल भामाय. बाजाराक."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेली.

आम्ही थांबलो. इंजिन घरघरत होतं, मग ड्रायव्हरने ते बंद केलं. ऊन वर आलं. गाडीत माणसं घामाने निथळू लागली, कोंबड्या फडफडू लागल्या. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. मग विहिरीवर पाणी काढल्याचा. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चांगलं लुगडं, केसांत अबोलीची फाती, हातात बाजाराची पिशवी. पुंडलिक सायकल धरून विहिरीपाशी उभा होता. इतक्या वर्षांनी आई बाजाराला निघाली होती.

भामाय गाडीच्या दारापर्यंत गेली. एक हात दांड्याला लावला आणि आत वाकून बघितलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, एकेका तोंडाकडे. नानूशेट तिच्या मागे उन्हात उभा. मग तिने हात काढून घेतला.

"गर्दी आसा," ती म्हणाली. "फुडल्या शुक्रारा पळोवया."

आणि वळून घरात गेली.

नानूशेटीने "चल" म्हटलं ते ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. गाडी गेली. पुंडलिकच्या हातातून सायकल सुटून पडली. ज्या सायकलीला त्याने महिनाभर कधी भिंतीला टेकवूनसुद्धा ठेवलं नव्हतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं. ते थांबेचना. आतून भामायचा आवाज आला, "पाय धू आनी जेवपाक यो. पावण्यांकूय हाड."

त्यानंतर काही महिन्यांनी माझी पणजीला बदली झाली. पत्रिका द्यायची म्हणून एका शुक्रवारी पेडण्याला एका नातेवाइकाकडे गेलो होतो, तिथून सकाळी म्हापशाला निघालो ते नानूशेटीच्याच गाडीने. आता त्या बाजूला दुसऱ्या गाड्याही सुरू झाल्या होत्या, त्यामुळे या गाडीला माणसं कमी. पुंडलिकच्या दारात गाडी आपोआप थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही, नुसती वाट बघत बसला. नानूशेट पुढच्या बाकावरून उठून खाली उतरला. आमदारकीचं त्याचं काही झालं नव्हतं.

पडवीत मायलेक बसली होती. पुंडलिकने त्या दिवशी रजा काढलेली असावी. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. भामायच्या केसांत ताजी अबोली, मांडीवर पिशवी. पहाटेपासून तयार होऊन बसली होती हे बघताच कळत होतं. ती उठली, सावकाश दारापर्यंत आली आणि आत वाकली. गाडीत आम्ही चौघंच होतो. मी हात केला, पण पुंडलिकचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो पडवीच्या खांबाला टेकून आईच्या तोंडाकडे बघत होता.

भामायने सगळे रिकामे बाक नीट पाहून घेतले.

"गर्दी आसा," ती म्हणाली.